सावळ्या रंगाला चारही बाटल्या लागतात

मे महिना लागला की माझ्या फोनवर मुलींचे बायोडेटा यायला सुरुवात होते. नात्यातल्या, शेजारच्या, मैत्रिणींच्या मुली. "विजूताई, बघ ना कुठे जमतंय का," असं खाली लिहिलेलं असतं. मी उघडते आणि शिक्षण, नोकरी, उंची सगळं ओलांडून आधी चेहऱ्याचा रंग बघते. गोरी की काळी, यासाठी नाही. रंग खरा आहे की नाही, यासाठी. गालावर गुलाबी कुठून आली, मान चेहऱ्याला सोडून वेगळ्याच रंगात का उभी आहे, हे मला लगेच दिसतं. कानाची पाळी बहुतेक खरं बोलते, तिच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. मग मी त्या मुलीला मनातल्या मनात तिच्या कानाच्या रंगात रंगवते आणि ती मला एकदम ओळखीची वाटायला लागते. बायोडेटा पुढे पाठवायचा राहूनच जातो. माझ्या हातून एकही लग्न जमत नाही, ही तक्रार नातेवाइकांत आहे आणि ती रास्त आहे.

ही खोड मला एका उन्हाळ्याने लावली. दोन हजार तीन किंवा चार साल असेल. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आईच्या शिलाई मशीनचं टेबल होतं. मी बी.कॉम. होऊन डीटीपीचा क्लास केला, पप्पांनी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून जुना कॉम्प्युटर, स्कॅनर आणि इंकजेट प्रिंटर असा संसार आणून दिला, आणि आईचं मशीन टेबलावरून उतरून पलंगाखाली गेलं. त्याबद्दल आईने मला पूर्ण माफ केलं आहे असं अजूनही वाटत नाही. दाराबाहेर मी पुठ्ठ्याची पाटी लावली: बायोडेटा, फोटो, पत्रिका. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराई म्हणजे माझा धंदा.

त्या खोलीतला वास मला आजही येतो. तापलेल्या पत्र्याचा, ओल्या टॉवेलचा आणि शाईचा. टॉवेल खिडकीला बांधलेला असायचा, कारण उन्हाळ्यात प्रिंटरच्या तोंडातली शाई वाळायची आणि फोटोवर आडव्या रेघा यायच्या. कंपनीची शाई, म्हणजे सीलबंद कार्ट्रिज, आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हती. उल्हासनगरला सुटी शाई मिळायची, बाटलीत. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. ती इंजेक्शनच्या सुईने रिकाम्या कार्ट्रिजमध्ये भरायची. वरचं स्टिकर सोलायचं, बारीक भोकातून सुई खाली घालायची आणि श्वास धरून हळूहळू दाबायचं. घाई केली की वरून उतू जायची. माझी बोटं पूर्ण मे महिना रंगलेली असायची, आणि भाजीवाली विचारायची की होळी कधीच झाली ना गं.

शाई विकणारे टेकूअंकल. उल्हासनगरच्या एका गल्लीत जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, दुकान कसलं, एक माणूस आणि शंभर बाटल्या मावतील एवढी जागा. पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर इतक्या वर्षांत एकही डाग मी पाहिला नाही. गिऱ्हाईक आलं की सिंधीत "अचो साईं", म्हणजे या साहेब, म्हणायचे आणि मला बेटी. मी ज्या दिवशी जी बाटली संपली असेल ती घ्यायचे. एकदा या कंपनीची गुलाबी, एकदा त्या कंपनीची पिवळी, जी हाताला लागेल ती. अंकल मान हलवायचे, पण काही बोलायचे नाहीत.

आता 'स्थळ'बद्दल सांगायला हवं. माझ्या कॉम्प्युटरवर मी एक सेटिंग करून ठेवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'स्थळ'. फोटो स्कॅन करायचा, 'स्थळ'वर टिचकी मारायची, की चेहरा दोन पायऱ्या उजळ व्हायचा. मुलीची आई फोटो हातात देतानाच म्हणायची, "जरा उजळ काढ हां." वांगणीकडच्या पाड्यावरची एक बाई तर म्हणाली, "गोरा कर गो बाय, पन लय नको, वलखू आली पायजे." मुलांच्या फोटोला हे सेटिंग लागत नसे. मुलगा जसा आहे तसा निघायचा, केसांत तेल जास्त असेल तर तेलासकट. याचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. दाराची कडी लावावी तितक्या सहज मी मुलींना गोरं करत होते.

आणि माझी ताई सावळी होती. सुजाता तिचं नाव, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. सावळी हा शब्द लोक नरमाईने वापरतात, म्हणून सांगते, ती चांगली गडद होती, पप्पांच्या आईसारखी. मी आईवर गेले. लहानपणी आम्हाला दोघींना शेजारी उभं करून लोक जे बोलायचे ते आम्ही एकत्रच ऐकलेलं आहे. ती हसायची. मीही हसायचे, आणि त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

ताई एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात होती, क्वालिटीला. गोळ्यांची नवी बॅच निघाली की ती आधीच्या मंजूर नमुन्याशी ताडून बघायची. वजन, जाडी आणि रंग. मंजूर नमुन्याला ते लोक कंट्रोल सॅम्पल म्हणत. कुलपात ठेवलेला असायचा तो. दिवसभर दोन गुलाबी गोळ्या शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधायचा, हे तिचं काम होतं, आणि ते ती घरीही करायची. दूध बदललं, चहापत्ती बदलली, साडीचा फॉल वेगळ्या रंगाचा लागला, तिच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही.

त्या वर्षी वैशाख पौर्णिमेला आम्ही सगळे विहारात गेलो होतो. पांढरे कपडे, सकाळची वंदना, नंतर खीर. ताईने पांढरी सुती साडी नेसली होती. विहाराच्या पायरीवर ती खिरीची वाटी हातात घेऊन उभी होती आणि कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून वळून बघत होती, तेवढ्यात आमच्या शेजारच्या अशोकदादांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. रोल धुऊन आला तेव्हा सगळ्यांनी तो फोटो हातात धरून ठेवला. ताईचा तसा फोटो आधी कधी आलाच नव्हता. आई म्हणाली, "हाच लावायचा बायोडेटाला."

मी वाटी कापून टाकली, खांद्यापर्यंतचा भाग ठेवला आणि 'स्थळ'वर टिचकी मारली. मला कुणी सांगितलं नव्हतं. आईने नाही, पप्पांनी नाही. हात आपोआप तिकडे गेला, आणि मग एका टिचकीने भागेना म्हणून मी अजून एकदा मारली.

तो फोटो विठ्ठलवाडीच्या स्थळाला गेला. आठवड्याभरात ते लोक बघायला आले. मुलगा, त्याचे वडील, आई, एक मामा. आम्ही कोकमाचं सरबत केलं होतं. ताई ट्रे घेऊन बाहेर आली, बसली. मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला, बघितला, ताईकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि आमच्या आईला विचारलं,

"ही धाकटी का? मोठीला बोलवा ना."

"हीच मोठी," आई म्हणाली.

आतल्या दारात मी उभी होते, तिथे त्या बाईंची नजर आली. "मग ही कोण?"

त्यानंतर पाच-सात मिनिटं सगळे अंबरनाथच्या पाण्याबद्दल बोलले. नळाला किती वेळ येतं, टँकर येतो का. सरबताचे ग्लास अर्धे तसेच राहिले. ते लोक गेल्यावर ताईने त्यांनी टेबलावर ठेवून दिलेला फोटो उचलला, खिडकीपाशी गेली, टॉवेल बाजूला केला आणि फोटो आपल्या हाताला लावून बघितला. कारखान्यात बघत असेल तसाच. मग मला विचारलं, "किती वाढवलंस?"

"दोन वेळा."

"लोकांच्या आया सांगतात म्हणून तू करतेस. तुला कोणी सांगितलं?"

"ताई, तुझं चांगलं व्हावं म्हणून केलं गं."

"हे चांगलं आहे का?" तिने फोटो माझ्यासमोर धरला. आवाज चढलेला नव्हता. "विजू, तुलापण मी अशी नको होते का?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. नाही म्हणायला हवं होतं, मोठ्याने, लगेच. पण खरं उत्तर काय आहे ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं. ती फोटो ठेवून कपडे धुवायला गेली. नंतरचे आठ दिवस आमच्यात मीठ दे, पाणी तापलं का, एवढंच बोलणं झालं.

मग पप्पांच्या सहकाऱ्याने बदलापूरचं स्थळ आणलं. मांजर्लीला राहणारी माणसं, मुलगा एका शाळेत क्लार्क, नाव प्रशांत. पंधरा दिवसांत फोटो पाठवा म्हणाले होते. पप्पांनी जेवताना विषय काढला. ताईने ताटातून मान वर न करता सांगितलं, "फोटो जाईल तर माझ्या रंगाचा जाईल. नाहीतर पप्पा, हा विषय आपल्या घरात पुन्हा काढायचा नाही. मी नोकरी करते, मी राहीन."

"अगं, रंगीत फोटोत थोडं इकडेतिकडे होतंच," पप्पा म्हणाले.

"आमच्याकडे गोळीचा रंग इकडेतिकडे झाला तर अख्खी बॅच फेकतात."

"मग स्टेशनजवळच्या स्टुडिओत टाकू."

"तो विचारतसुद्धा नाही, परस्पर पावडर लावतो. हिनेच काढायचा. बिघडवलाय हिने."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. ताई एकदा बोलली की फिरवत नसे, आणि तिचं लग्न राहून जाईल ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. "जमेल का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मला वाटलं, त्यात काय, 'स्थळ' लावायचं नाही, झालं.

दुसऱ्या दिवशी मी काहीही न करता, आहे तसा फोटो छापला. ताई वांग्याच्या रंगाची निघाली. जांभळट, ओठ तर जवळजवळ निळे. मी गुलाबी कमी केली, तर ती हिरवी पडली. पिवळी वाढवली, तर आजारी दिसायला लागली. स्क्रीनवर व्यवस्थित दिसायची आणि कागदावर कोणीतरी भलतीच बाई यायची. आणि पांढरी साडी. तिच्या चुण्यांत कधी फिकट गुलाबी, कधी शेवाळी छटा. चार-पाच महाग कागद वाया गेले आणि मी प्रिंटरला नको ते बोलले.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. इतके दिवस माझे फोटो चांगले येत होते, कारण मी सगळ्यांना गोरं करत होते. गोऱ्या चेहऱ्याला शाई फार लागतच नाही. थोडी पिवळी, थोडी गुलाबी, बाकी कागदच दिसतो. शाईची खोट त्यात झाकून जाते. सावळ्या रंगाला मात्र चारही बाटल्या लागतात, भरपूर लागतात, आणि चौघींचं आपसात पटावं लागतं. एक जरी वाकडी चालली तरी चेहरा बिघडतो. गोरं करणं ही माझी कला नव्हती, ती शाईची बचत होती. मला खरा रंग काढताच येत नव्हता, आणि ते मला ताईमुळे समजलं.

उल्हासनगरला जाऊन मी सगळे फोटो टेकूअंकलच्या पुढ्यात टाकले. "अंकल, तुमची शाई खराब आहे."

त्यांनी एकेक फोटो लांब धरून बघितला. "खराब नहीं है बेटी. पराई है," ते म्हणाले. "मशीन समझता है घर की इंक आई है, उसी हिसाब से डालता है. उसको क्या मालूम ये दूसरे घर की है. तुझे बताना पड़ेगा."

"कसं सांगू?"

"पहले तो ये अलग अलग माल उठाना बंद कर. चारों बोतल एक ही कंपनी की, एक ही लॉट की ले. फिर चेहरा छोड़, ग्रे निकाल. काले से सफेद तक पट्टी बना. ग्रे सीधा आया, तो समझ सब सीधा."

"आणि चेहरा?"

"चेहरा पीछे पीछे आता है." फोटो परत देताना त्यांनी विचारलं, "कौन है?" मी म्हटलं बहीण. त्यांनी पुन्हा एकदा वांग्याच्या रंगातल्या ताईकडे बघितलं, चार बाटल्या काढल्या आणि त्यांच्या बुडाचे लॉट नंबर स्वतः जुळवून बघितले.

घरी आल्यावर मी कार्ट्रिज धुतली, नवी शाई भरली आणि करड्या चौकटींची पट्टी छापली. दहा चौकटी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. मधल्या चौकटी गुलाबी आल्या. मी लगेच गुलाबी कमी करून निळी वाढवून पिवळी हलवून परत छापायला लागले. मागे ताई उभी होती. आठ दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून बोलली.

"असं नाही करत. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि लिहून ठेव."

"काय लिहू?"

"काय बदललं, किती बदललं, काय झालं." तिने जुनी वही आणली आणि स्वतःच फूटपट्टीने रकाने आखून दिले. मग मी नुकतीच निघालेली पट्टी हातात घेऊन बघायला लागले, तर तिने ती काढून घेतली. "ओला नमुना वाचायचा नाही. वाळू दे. आणि ट्यूबखाली बघू नको, खिडकीत बघ."

मग रोज दुपारी आमचं हेच सुरू झालं. ताईची पहिली पाळी असायची, तीनला ती घरी यायची. पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून पंखा बंद. दोघी घामाने निथळत बसायचो. लोडशेडिंग असलं की छापणं थांबायचं, मग सकाळी छापून ठेवलेल्या पट्ट्या खिडकीत मांडून बघायचो. गुलाबी दोनने कमी. जरा बरं. अजून एकने. आता हिरवट. परत अर्धा वर. असल्या गोष्टींवर दोन माणसं तासन् तास बोलू शकतात हे कुणाला खरं वाटणार नाही. पण आम्हाला दुसरं काही बोलता येत नव्हतं, आणि करड्या रंगाबद्दल बोलता येत होतं. पाचव्या दिवशी पट्टी करडी आली. खरी करडी, राखेसारखी. मी ताईचा फोटो टाकला, आणि तिची साडी पांढरी निघाली. चुण्यांत नुसती सावली. दुसरं काही नाही.

चेहरा अजून थोडा तांबूस होता. आता मंजूर नमुना लागणार होता, आणि तो ताईच होती. पण ती अजून माझ्याकडे नीट बघत नव्हती. खिडकीपाशी भिंतीकडे तोंड करून बसायची, हातात वर्तमानपत्र, आणि डावा हात तेवढा उजेडात बाहेर धरायची. मी वाळलेला फोटो त्या हाताला लावून बघायचे. इतक्या वर्षांत मी माझ्या बहिणीचा हात असा कधी पाहिला नव्हता. तो एका रंगाचा नव्हताच. मनगटाच्या आत वेगळा, कोपराला वेगळा, घड्याळाच्या पट्ट्याखाली मऊ, जवळजवळ मधाचा. बोटांच्या पेरांवर गडद, नखांच्या कडेला गुलाबी. त्यात तांबूस होतं, आणि तांबड्याच्या खाली काहीतरी सोनेरी होतं, जे उजेड तिरपा पडला तरच दिसायचं. मी 'काळी' हा एकच शब्द ऐकत मोठी झाले होते. आता मला त्या रंगाला नावच सापडेना, आणि मला रडू यायला लागलं. मी शाईचे हात असल्यामुळे डोळे पुसू शकले नाही.

"काय झालं?" तिने पेपरमागून विचारलं.

"काही नाही. हाताचा रंग चेहऱ्याशी जुळत नाहीये."

तिने पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि वळली. चेहरा खिडकीकडे केला, डोळे उजेडाने बारीक झालेले. "बघ," ती म्हणाली. "नीट बघून घे."

मी बघितलं. किती वेळ ते आठवत नाही. बाहेर नळावर कुणीतरी हंडे लावून भांडत होतं, तेवढं आठवतं.

बाविसावा फोटो तिने हातात घेतला. खिडकीत धरला, आरशाजवळ नेला, परत खिडकीत आणला. मग पेन मागितलं आणि कागदाच्या पाठीवर कारखान्यात लिहायची तसं लिहिलं: पास. खाली सही आणि तारीख. आई म्हणाली, "आता मागे काय लिहिलंस ते त्यांना दिसेल ना." ताई म्हणाली, "दिसू दे."

मांजर्लीची माणसं जूनमध्ये आली. प्रशांतच्या आईने फोटो पिशवीतून काढला तेव्हा मी आतल्या खोलीत माठाला धरून उभी होते. त्यांनी फोटो बघितला, ताईला बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सावळी आहे. पण फोटोत आहे तशीच आहे." त्यातल्या 'पण'बद्दल मी त्या बाईंशी पुढे अनेक वर्षं मनातल्या मनात भांडले आहे. पण बाकीचं वाक्य ऐकून मी माठावरचा हात सोडला. प्रशांतने ताईला विचारलं की फोटो कुठल्या स्टुडिओत काढला, एरवी स्टुडिओतल्या फोटोत सगळे एकसारखे दिसतात. ताई म्हणाली, "बहिणीने काढलाय. बावीस वेळा." तो हसला, आणि त्यातलं काही कळलेलं नसतानाही त्याचे वडील हसले.

त्यानंतर मी 'स्थळ' पुसून टाकलं, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही पुसलं. धंदा होता. पण मी शेजारी दुसरं सेटिंग केलं, त्याला 'ताई' नाव दिलं, आणि प्रत्येक आईला विचारायला लागले, उजळ हवा की आहे तसा? दहातल्या नऊ जणी उजळ म्हणायच्या. दहावी म्हणायची, दोन्ही काढ, बघते. मग दोन्ही शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत बसायची, आणि बहुतेक वेळा उजळ घेऊन जायची. तरी बघायची. त्या बघण्यावर मी समाधान मानायला शिकले.

ताईचं लग्न झालं. मांजर्लीत नदी जवळ. जास्त पाऊस झाला की तळमजल्यात पाणी शिरतं, म्हणून त्यांच्याकडे सगळं उंचावर असतं, धान्याचे डबे, कागदपत्रं, गाद्या. भाऊजींनी तो फोटो काच लावून भिंतीवर अगदी वर टांगला होता. समोर पश्चिमेची खिडकी. संध्याकाळचं ऊन रोज थेट त्या फोटोवर यायचं. मी पहिल्याच भेटीत ते पाहिलं आणि बोलले नाही. सुटी शाई उन्हात टिकत नाही. गुलाबी आधी जाते, मग निळी. मी जायचे तेव्हा चहा पिताना हळूच वर बघायचे, आणि दर वर्षी माझी ताई थोडी फिकट झालेली असायची. चार-पाच वर्षांत ती पिवळट गोरी झाली, 'स्थळ'ने केली असती त्याहूनही गोरी. मी बावीस वेळा जे मिळवलं होतं ते उन्हाने न विचारता पुसलं होतं, आणि ताईला हे सांगायची मला भीती वाटत होती. तिच्या डोळ्यांतून चहापत्ती सुटत नाही, तिला हे दिसलं नसेल असं मी कसं समजले कोण जाणे.

एका मे महिन्यात सुट्टीला मी त्यांच्याकडे गेले होते. ताईची मुलगी मैत्री तेव्हा चार वर्षांची होती, आणि रंगाने थेट ताई. ती माझ्या मांडीवर बसून आंबा खात होती. खाता खाता वर बघून तिने विचारलं, "मावशी, ती कोण आहे?"

"तुझी आई आहे."

तिने फोटोकडे नीट बघितलं. मग मांडीवरून उतरून, हाताला लागलेला रस तसाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेली. आत ताई भाकरी थापत होती. मैत्रीने तिच्याकडे बघितलं, वळून भिंतीवर बघितलं आणि परत आली.

"नाही," ती म्हणाली. "आई अशी नाहीये. आई छान आहे."

आतला भाकरीचा आवाज थांबला. मी मान खाली घालून मैत्रीचे हात पुसत बसले. थोड्या वेळाने ताई बाहेर आली, पिठाच्या हातांनी स्टूल ओढलं, वर चढली आणि फ्रेम खिळ्यावरून काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पोरीला पटत नाही."